आतड्यातील जिवाणू आणि कर्करोग

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून देशभर ओळखले जाते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण आणि महाराष्ट्राच्या अन्य जिल्ह्यांतून आलेले कामगार येथे बारा-बारा तासांच्या पाळ्यांमध्ये साचे चालवितात. पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाचे जसे घर मागे राहते, तसाच त्याचा आहारही मागे राहतो. भाकरी, कडधान्ये, शेतावरची पालेभाजी आणि ताक यांच्या जागी खाणावळीतील पांढरा भात, मैद्याचा पाव, तळलेले पदार्थ, दिवसाकाठी अनेक वेळा घेतलेला चहा आणि झोप टाळण्यासाठी चघळलेला तंबाखू येतो. पाळी सोडून शौचास जाणेही अनेकदा लांबणीवर टाकले जाते.

अशा कामगाराला परसाकडेच्या वेळी रक्त दिसले, तर ते मूळव्याधीचे असावे असे तो गृहीत धरतो. बहुतेक वेळा हा अंदाज खराही असतो. परंतु काही वेळा ते रक्त मोठ्या आतड्यातील किंवा गुदाशयातील कर्करोगाचे असते आणि गृहीत धरण्यात गेलेले महिने रुग्णाला महाग पडतात.

बदललेला आहार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा संबंध असल्याचे वैद्यकशास्त्र गेली अनेक दशके सांगत आले आहे. हा संबंध नेमका कोणत्या मार्गाने घडून येतो, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांचे लक्ष आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंकडे वळले. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील संशोधनाने या विषयावर बराच प्रकाश टाकला असून, त्यातील मुख्य निष्कर्ष ग्रामीण व नागरी भागांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असणे हितावह आहे.

पोटातील वसाहत

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा शास्त्रज्ञांचा २०१६ सालचा अंदाज आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तेवढीच, म्हणजे ३० लाख कोटींच्या आसपास आहे. या जिवाणूंचे एकूण वजन मात्र अवघे २०० ग्रॅमच्या घरात भरते. त्यांपैकी बहुतेकांचे वास्तव्य मोठ्या आतड्यात असते.

ही वसाहत शरीराच्या उपयोगाची आहे. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्या व फळे यांतील चोथा माणसाच्या पाचकरसांनी पचत नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणू तो आंबवितात. या आंबवण्यातून ब्युटिरेट नावाचे एक आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले पोषण मुख्यत्वे याच आम्लातून मिळवितात. ब्युटिरेटमुळे अस्तर बळकट राहते, दाह आटोक्यात राहतो आणि बिघडलेल्या पेशींच्या वाढीला आळा बसतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांतून दिसून आले आहे.

चोथा कमी पडला की याच वसाहतीचे वर्तन पालटते. अन्नाच्या शोधात काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक चिकट थरच खाऊ लागतात. आहारात चरबी अधिक असेल, तर ती पचविण्यासाठी यकृत अधिक पित्त सोडते. या पित्तातील आम्लांचे जिवाणूंकडून रूपांतर होऊन डीऑक्सिकोलिक आम्लासारखी द्रव्ये बनतात आणि ती अस्तराच्या पेशींना इजा पोहोचवितात. सारांश, माणूस जे खातो त्यावर त्याच्या पोटातील जिवाणूंचा गुजारा चालतो आणि त्या गुजाऱ्यातून जे निपजते ते पुन्हा माणसाच्याच वाट्याला येते.

महाराष्ट्रातील नोंदी

या रोगाच्या प्रमाणाचा विचार करताना महाराष्ट्राचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. लोकसंख्येवर आधारित अशी देशातील पहिली कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ साली सुरू केली. त्यानंतर १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. शहर आणि खेडे यांची तुलना करण्याची सोय त्यामुळे झाली.

या नोंदींवरून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शीच्या ग्रामीण भागात मुंबईपेक्षा कमी असल्याचे आढळत आले आहे. खेड्यात निदानाच्या सोयी अपुऱ्या असल्याने काही रुग्ण नोंदीतून सुटत असतील हे मान्य केले, तरी जगातील चित्र याच दिशेचे आहे. भारतात दर लाख लोकसंख्येमागे दरवर्षी सुमारे पाच जणांना हा रोग होतो, तर डेन्मार्क, नॉर्वे यांसारख्या देशांत हेच प्रमाण ४० हून अधिक आहे. जगात २०२२ साली या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावले. भारतातील नव्या रुग्णांची संख्या त्या वर्षी ७० हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज आहे.

प्रमाण कमी असले तरी निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांचा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे आढळले. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठीनंतरचा रोग मानला जातो. येथे मात्र तो कुटुंबाच्या कर्त्या माणसाला गाठताना दिसतो. आढाव्यातील रुग्णांमध्ये सर्वांत अधिक आढळलेली तक्रार शौचावाटे रक्त जाण्याची होती.

आहाराकडे बोट दाखविण्याचे कामही येथे लवकर झाले. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील रेल्वे कर्मचाऱ्यांमधील पचनमार्गाच्या कर्करोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९७७ साली कर्करोग नोंदणीतील माहितीच्या आधारे त्यांनी असे सुचविले की, आहारातील भरपूर चोथा आणि दही-ताकासारखे आंबविलेले दुग्धपदार्थ मोठ्या आतड्याचे रक्षण करीत असावेत. आफ्रिकेत दीर्घकाळ काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी चोथ्याविषयीचा आपला सिद्धान्त १९७१ साली मांडला होता. या दोघांच्या काळी आतड्यातील जिवाणू ओळखण्याची आजची साधने उपलब्ध नव्हती. ती आल्यानंतर त्यांच्या निरीक्षणांना नवा अर्थ प्राप्त झाला.

संशय कसा बळावला

जिवाणू आणि कर्करोग यांचा संबंध असू शकतो, ही कल्पना एकेकाळी वैद्यकशास्त्राला मान्य होण्यासारखी नव्हती. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध लावल्यानंतर ती बदलली. हा जिवाणू जठराच्या कर्करोगाचे एक कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली जाहीर केले आणि २००५ साली या दोघा संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत पहिला धागा हृदयरोगाकडून आला. हृदयाच्या झडपांना स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस या जिवाणूचा संसर्ग झालेल्या काही रुग्णांच्या आतड्यात कर्करोगही आढळू लागला. १९७७ साली अमेरिकेत केलेल्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६३ रुग्णांपैकी ३५ जणांच्या विष्ठेत हा जिवाणू सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या १०५ व्यक्तींपैकी केवळ ११ जणांत तो होता. तेव्हापासून हृदयाच्या झडपेत हा जिवाणू सापडलेल्या रुग्णाचे आतडे तपासण्याची प्रथा पडली.

प्रमुख संशयित

आजच्या घडीला तीन जिवाणूंवर संशोधकांचे लक्ष विशेष केंद्रित झाले आहे. तिघांची कार्यपद्धती वेगवेगळी आहे.

पहिला आहे एश्चेरिशिया कोलाय, अर्थात ई. कोलाय. हा जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात असतो आणि एरवी निरुपद्रवी असतो. त्याच्या काही जाती मात्र कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात, असे २००६ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पेशीच्या केंद्रात डी.एन.ए.ची दुहेरी साखळी असते. कोलिबॅक्टिन या साखळीचे दोन पदर एकमेकांना जखडून टाकते. पेशी ही इजा दुरुस्त करू पाहते तेव्हा चुका होतात आणि त्या कायमच्या राहतात. या चुकांचा एक ठरावीक नमुना असतो, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२० साली सिद्ध केले. चोराने मागे सोडलेल्या ठशासारखा हा नमुना रुग्णांच्या गाठींमध्ये ओळखता येतो. २०२५ साली ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींची तपासणी प्रसिद्ध झाली. चाळिशीच्या आत रोग जडलेल्यांमध्ये कोलिबॅक्टिनच्या या खुणा सत्तरीपुढील रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक आढळल्या. विषाचा हा आघात बालपणीच झाला असावा, असे त्यावरून संशोधकांना वाटते. त्या ११ देशांत भारताचा समावेश नव्हता. रुग्णांचे सरासरी वय सत्तेचाळीस असलेल्या आपल्या राज्याच्या दृष्टीने असा अभ्यास येथेही होणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा आहे बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस. याच्या काही जाती एक विषारी द्रव्य सोडून आतड्याच्या अस्तरात सतत दाह निर्माण करतात. उंदरांवरील प्रयोगांत अशा दाहातून गाठी निर्माण झाल्याचे २००९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखविले.

तिसरा आहे फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. याचे मूळ घर तोंडात, दातांवर साचणाऱ्या थरात आणि सुजलेल्या हिरड्यांत असते. २०१२ साली दोन स्वतंत्र संशोधक गटांना तो मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळला. तो पेशींना चिकटतो, त्यांची वाढ उद्दीपित करतो आणि शरीराच्या संरक्षक पेशींना गाठीपासून दूर ठेवतो. बोस्टन येथील संशोधकांनी २०१७ साली असे दाखविले की, आतड्यातील कर्करोग यकृतात पसरला तेव्हा हा जिवाणूही त्याच्याबरोबर तेथे गेला होता. पुढे २०२४ साली या जिवाणूची एक विशिष्ट उपजात तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या गाठींमध्ये सापडली.

या तिसऱ्या जिवाणूचा अभ्यास महाराष्ट्रातही झाला आहे. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी जिभेच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये फ्युझोबॅक्टेरियम शोधला. प्रारंभिक अवस्थेतील ज्या रुग्णांत त्याचे प्रमाण अधिक होते, त्यांच्या गाठींत दाह अधिक असल्याचे आणि त्यांचे आयुर्मान कमी राहिल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. तोंडाची निगा हा केवळ दातांपुरता मर्यादित विषय नाही, याची जाणीव त्यामुळे होते.

दोन आठवड्यांचा प्रयोग

आहार बदलल्याने जिवाणूंचे वर्तन किती लवकर बदलते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने स्पष्ट केले. अमेरिकेतील २० आफ्रिकी वंशाच्या नागरिकांना आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील २० रहिवाशांना त्यात सहभागी करून घेण्यात आले. दोन आठवडे त्यांच्या आहाराची अदलाबदल करण्यात आली. अमेरिकी गटाला चोथ्याने समृद्ध व कमी चरबीचे आफ्रिकी अन्न मिळाले, तर आफ्रिकी ग्रामस्थांना भरपूर चरबीचे व कमी चोथ्याचे अन्न देण्यात आले. दोन आठवड्यांच्या अखेरीस अमेरिकी गटातील ब्युटिरेटची निर्मिती अडीच पटींनी वाढली आणि आतड्यातील दाह कमी झाला. आफ्रिकी गटात याच्या उलट घडले. कर्करोग होण्यास वर्षानुवर्षे लागतात, म्हणून या प्रयोगात कर्करोग मोजलेला नव्हता. तथापि त्याकडे नेणारे बदल मोजले होते आणि ते पंधरवड्यात दिसले.

भारतीय माणसाच्या आतड्यातील वसाहतीविषयी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम केले आहे. भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू अधिक प्रमाणात असल्याचे त्यांनी २०१६ साली दाखविले. प्रेव्होटेला हा जिवाणू धान्य-भाज्यांच्या आहाराशी निगडित मानला जातो. पिढ्यान्पिढ्यांच्या आहाराने जोपासलेली ही वसाहत शहरी खाण्यापिण्यात टिकेल काय, हा प्रश्न भिवंडीसारख्या शहरांच्या संदर्भात मोलाचा आहे.

काय सिद्ध झाले, काय व्हावयाचे आहे

या संशोधनाचा अर्थ लावताना तारतम्य राखणे आवश्यक आहे. गाठीत जिवाणू सापडला म्हणून गाठ त्यानेच निर्माण केली, असे लगेच म्हणता येत नाही. गाठीतील बदललेली परिस्थिती मानवल्यामुळेही एखादा जिवाणू तेथे येऊन राहू शकतो. कोलिबॅक्टिनच्या बाबतीत डी.एन.ए.वरील ठसा मिळाल्याने पुरावा अधिक भक्कम आहे. तरीही ते विष निर्माण करणारा जिवाणू अनेक निरोगी माणसांतही असतो आणि त्यांपैकी बहुतेकांना कर्करोग होत नाही. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने किंवा त्याची सेवा केल्याने तो होत नाही, हे लोकांना आवर्जून सांगितले पाहिजे.

जिवाणू मारण्यासाठी प्रतिजैविके घेणे हाही उपाय नव्हे. ही औषधे उपकारक जिवाणूंचाही नाश करतात. दीर्घकाळ प्रतिजैविके घेतलेल्या स्त्रियांमध्ये पुढे आतड्यातील मांसांकुरांचे प्रमाण अधिक आढळल्याचे अमेरिकेतील परिचारिकांच्या एका अभ्यासात दिसून आले आहे. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची सवय म्हणूनच मोडली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूयुक्त गोळ्यांनी या कर्करोगाला प्रतिबंध होतो, असेही अद्याप सिद्ध झालेले नाही.

मूळव्याध समजून चालढकल नको

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा मांसांकुरापासून सुरू होतो. त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणपणे दहा वर्षे लागतात. एवढा अवधी देणारे कर्करोग थोडे आहेत. या अवधीत दुर्बिणीद्वारे आतड्याची तपासणी करून मांसांकुर काढून टाकला, तर रोग मुळातच टळतो. रोग लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची शक्यताही पुष्कळ असते.

राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. मोठ्या आतड्याचा त्यात समावेश नाही. त्यामुळे लक्षणांकडे वेळीच लक्ष देण्याची जबाबदारी रुग्णावर आणि त्याच्या भोवतीच्या लोकांवर येते. शौचावाटे रक्त किंवा आव जाणे, शौचाच्या नेहमीच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल होणे, शौचास होऊनही पोट साफ न झाल्याची भावना राहणे, कारण नसता वजन घटणे, पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळणे, यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली पाहिजे. मूळव्याधीवर हमखास इलाज करण्याच्या जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. गुदाशयाची तपासणी न करताच औषध देणाऱ्याकडे जाण्यात काळ दवडू नये. डॉक्टरने हातमोजा घालून बोटाने केलेली साधी तपासणीदेखील गुदाशयातील अनेक गाठी उघड करते. तीस खर्च नाही, केवळ रुग्णाचा संकोच दूर होण्याची गरज आहे.

भिवंडीच्या परिसरातील रुग्णांना प्राथमिक तपासणीसाठी शहरातील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात जाता येते. कर्करोगावरील उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, त्यांनी लक्षणांची वाट न पाहता चाळिशीतच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गावाने आणि शाळेने करावयाचे काम

जिवाणूंविषयीचे संशोधन पुढे चालू राहील. त्याची वाट न पाहता करण्याजोगी कामे मात्र आजच हाती आहेत आणि ती फारशी खर्चाची नाहीत.

शालेय पोषण आहारात डाळी, उसळी व पालेभाज्या यांना त्यांचे स्थान मिळते किंवा नाही, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. जेवणानंतर चूळ भरण्याची व सकाळ-रात्र दात घासण्याची सवय मुलांना शाळेत लावता येते. मिश्री आणि तंबाखू यांपासून मुलांना दूर ठेवण्याचे कामही तेथेच सुरू होते. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी यांसारख्या धान्यांचा आणि शौचावाटे रक्त जाण्याच्या तक्रारीचा विषय ठेवण्यास कोणतीच अडचण नाही. आशा कार्यकर्त्यांनी घरभेटीत हा प्रश्न विचारला, तर संकोचाने गप्प राहिलेले काही रुग्ण तरी बोलते होतील.

यंत्रमागधारकांनी कारखान्यात स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी आणि पाळीच्या मध्यावर पुरेशी सुटी दिली, तर कामगारांच्या पोटाचे अनेक विकार कमी होतील. खाणावळचालकांना आठवड्यातून काही दिवस भाकरी, उसळ, कोशिंबीर व ताक देण्यास उद्युक्त करता येईल. दारू, तंबाखू, लठ्ठपणा आणि प्रक्रिया करून टिकविलेले मांस ही या रोगाची ज्ञात कारणे आहेत. त्यांच्याविषयीचा प्रचारही या कामाला जोडून घ्यावा.

खेड्यातून शहरात आलेल्या माणसाने गावचा आहार तंतोतंत पाळावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु त्याच्या ताटात रोज एक उसळ आणि एक पालेभाजी असावी आणि रक्त दिसल्याच्या आठवड्यातच त्याने डॉक्टर गाठावा, इतके घडवून आणणे समाजाला अशक्य नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी कर्ता माणूस गमावणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने या दोन साध्या गोष्टींचे मोल फार मोठे आहे.